चाकावरची चकती

बुधवार, जून १९९५. अलीगंज.

लिही गं मुग्धा, आजी सांगते तसंच. गोड करू नकोस.

काल मलिहाबादला बागेत आपली पिकअप रुतली. नव्या ड्रायव्हरने फोर-व्हीलचा दांडा ओढला, तरी पुढची चाकं ढिम्म. ट्रॅक्टरने ओढून काढली. आज मिस्त्री म्हणतो, गिअरबॉक्स उतरवायचा, आठ दिवस. आठ दिवसांत दशेरी आंबा झाडाखाली सडेल की!

मी म्हटलं, "पुढच्या चाकांवरच्या चकत्या बघा. जुना ड्रायव्हर चिखल आला की उतरून आधी त्या फिरवायचा, मगच पुढची चाकं ओढायची."

तुझा इंजिनिअर बाबा म्हणाला, "आई, त्यावर काय लिहिलंय ते तरी वाचता येतं का तुला?"

मिस्त्री हसला. "अम्माजी, आप आराम कीजिए."

वाचता येत नाही. म्हणून डोळे फुटलेत का माझे?

शेवटी मीच जाऊन चकतीवर काठी आपटली. मिस्त्रीने हात घातला तर एक फिरली, दुसरी चिखलाने घट्ट बसलेली. ती साफ करून त्याने तेल दिलं, फिरवली, आणि पुढची चाकं ओढू लागली. तर तुझा बाबा मिस्त्रीला म्हणतो, "वाह उस्ताद!" उस्ताद म्हणे! चकती दाखवली कोणी?

आता विचारतोय, "आई, उद्या बागेत येतेस?"

येईन. पण पुढे ड्रायव्हरशेजारी मी. इंजिनिअरसाहेबांनी मागे पेट्यांवर बसावं.