दून्याच्या जोरावर पाच नर

४ मे
आजपासून रोज लिहिणार. भटकणं बंद. पांढऱ्या समुद्राच्या काठावर आता कायमचा मुक्काम. होडीवाल्या त्रिफोनकाकांनी साफ सांगितलं, "रविवारपर्यंत पाच नर बदकं मारून आण, उन्हाळाभर होडीवर कामाला घेतो. नाही तर रस्ता धर." पाच? दहा आणीन.

५ मे, पहाटे
बंदुकीचा दस्ता जबड्यावर बसला. दात हलतोय. रक्त थुंकत नेम धरला. एक पडलं, पण मरेना. मान पिरगाळताना पंखांनी थोबाडात मारत होतं. शेवटी बुटाखाली ठेचलं. मादी निघाली. काका म्हणाले, "वसंतात, अंड्यांच्या दिवसांत मादी मारतोस? डोळे आहेत की बटणं?" उजेड कमी होता.

६ मे
सुट्टी. समुद्रात बर्फाच्या लाद्या एकमेकींवर आपटून फुटत होत्या, बघत बसलो. भरतीत काडतुसं भिजली. अनुभव मिळाला.

७ मे
काकांची आई, आगाफ्याआजी, हिनं तिची दून्या दिली. पाळीव बदकी. पायाला दोरी बांधून पाण्यात सोडायची. ती ओरडते, रानातले नर खुळ्यासारखे येतात. हिवाळाभर आजीच्या खाटेखाली झोपते. आजी म्हणाली, "नर तिच्यावर चढला की बार काढायचा नाही रे बाबा. उतरू दे. दम धर." म्हटलं, आजी, दम माझ्या रक्तातच आहे.

८ मे
चार नर! एकाचं डोकंच उडालं, एकाची आतडी माझ्या टोपीवर. एक मोडक्या पंखानं चिखलात पळाला, वल्ह्याचे तीन घाव घातले. पाणी लाल. दून्या ओरडतच होती. काका पहिल्यांदाच हसले. "उद्या एक आण, होडीत जागा पक्की." कुठे बसायचं ते ठरवलं. सगळ्यात पुढे.

९ मे, सकाळी सहा
नर आला. मोठा. थेट दून्यावर. दम धरला. चारपर्यंत मोजलं.
वाटलं, छर्रे दून्याच्या वरून जातील.

९ मे, दुपार
पाच पूर्ण. काकांना तसं सांगितलं. काका म्हणाले, "पाच नर. आणि ही सहावी कोण?" आजीनं चुलीतला लोखंडी आकडा हाणला. हलणारा दात पडला. मग तिनं दून्याला सोललं, उकळलं, वाडगा माझ्यापुढे ठेवला. "खा. सगळी खा. छर्रे काढून बाजूला ठेव."

१० मे, रविवार
दून्यात नऊ छर्रे, नरात दोन. नेम जरासा खाली जातो, एवढंच.
होडी सकाळीच सुटली. सगळ्यात पुढे आजी बसली होती. मी हात केला. तिनं मान वळवली नाही.