सगळं हॉर्नस्टाइनच

३ मार्च, ॲन आर्बर, अमेरिका
डोकं फिरलंय. लॅबमध्ये गेले तर माझे सातही ट्रे रिकामे. प्रवरेकाठचे दगडी छिलके, अश्मयुगातल्या माणसाने हत्यारं घडवताना उडालेले. कुठला मातीच्या कोणत्या थरातला, ते आठ महिने लावत होते, दर थराला एक ट्रे. आमच्या प्रोफेसरबाईंनी ओपन डेच्या पाहुण्यांसाठी सगळे एका टेबलावर मांडले. रंगाप्रमाणे! छान दिसत होते म्हणे.

४ मार्च
बाई म्हणतात, एवढं काय मृण्मयी, जुन्या जर्मन कॅटलॉगात सगळ्यांपुढे एकच शब्द आहे, हॉर्नस्टाइन. आहे ना. तो कॅटलॉग लिहिणाऱ्या साहेबाला करडा चर्ट काय, लाल जास्पर काय, सगळे एकाच माळेचे मणी. म्हणून थरही एकच?
नखाएवढ्या तुकड्यावर शाईने नंबर घालायचा नाही, ट्रेत थराची चिठ्ठी ठेवायची, हा लॅबचाच नियम. चिठ्ठ्या गेल्या कचऱ्यात. मोजणी मी शेवटी एकदम शीटवर चढवणार होते. ती चूक माझी.

५ मार्च
रूममेट केतकी : "कम्प्लेन्ट करणारेस? वेडी आहेस का यार! फंडिंग तिच्या हातात, व्हिसा त्यावर. गप्प बस."
कम्प्लेन्ट केली नाही. 

९ मार्च
बाईंचा तोडगा : तुला तर पाठ आहेत, आठवून परत लाव, शुक्रवारी तुझ्या थिसिसच्या चॅप्टरवर सही करते. आठवून! शेकडो तुकडे! वर हसून सांगतात.

११ मार्च
लावायला बसले. हो, बसले. लाज वाटते.
मोठे दहा-बारा खरंच ओळखले. मग एक लाल जास्पर हातात आला. हा वरच्या थरातलाच असणार, कारण... कारण माझ्याच मसुद्यात लिहिलंय की नंतरचे लोक लांबून लाल दगड आणायचे. ठेवला वर. पुढचाही वर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाल सगळे वर, करडे सगळे खाली.

१२ मार्च, गुरुवार
माझा निष्कर्ष इतका स्वच्छ कधीच नव्हता. खालच्या थरातही थोडे लाल होते. किती, ते आठवत नाही.
बाई दारातून डोकावून "परफेक्ट!" म्हणाल्या. त्यांची चीड आली, त्याहून जास्त माझी.
सात नव्या चिठ्ठ्या समोर आहेत. पहिलीवर ‘थर १’ लिहिलंय. बाकी सहा अजून कोऱ्या. सही उद्या दहाला.