रांजणाची मागची बाजू

४ जून, मंगळवार
लेकीने ही डायरी दिली. म्हणाली, आई, रोज कामावरून येऊन आमच्यावर ओरडतेस, त्यापेक्षा ह्यात लिही. चौथीनंतर शाळा सुटली माझी. चुका होतील. होऊ देत, कोण बघतंय.
म्युझियममध्ये आज कळलं, हेडकाका जुलैअखेर रिटायर होणार. म्हणजे हेड अटेंडंटची जागा रिकामी. मोठ्या दाराशी हात टेकायची खुर्ची, डोक्यावर पंखा, कमरेला सगळ्या दालनांच्या किल्ल्या. ही जागा माझी. दुसरं आहे कोण? नाण्यांच्या दालनातली चष्मेवाली? ती दिवसभर पुस्तकात तोंड खुपसून असते. चोर आला तर पान संपल्यावर बघेल.
ठरवलं. आजपासून कुणाशी भांडायचं नाही.

५ जून, बुधवार
चष्मेवालीशी भांडले. माझं स्टूल तिच्या दालनात सापडलं. म्हणे, ताई, स्टूल सरकारी आहे. मी म्हटलं, सरकारी आहे, पण खड्डा माझ्या बसण्याने पडलाय.
भांडण मी सुरू केलं नाही. फक्त संपवलं नाही.

७ जून, शुक्रवार
नव्या डायरेक्टर मॅडमची मीटिंग. महिन्याअखेरीस कमिटी येणार आहे तपासायला. मी डोळे मिटून ऐकत होते, त्यामुळे मधलं नीट लक्षात नाही. उघडले तेव्हा मॅडम माझ्याकडेच बघून म्हणत होत्या की प्रत्येकाने आपापल्या दालनात पुढाकार घ्यावा.
वीसेक माणसं बसली होती. पण मॅडमनी बघितलं माझ्याकडेच. काय समजायचं ते मी समजले.

९ जून, रविवार
पुढाकार कुठे घ्यायचा ते सापडलं. माझ्या दालनात मातीची भांडी. त्यात तो मोठा रांजण, माझ्या छातीएवढा. जमिनीतून तुकडे निघाले, ते चिकटवून उभा केलाय. पुढून बघा तर काय सुंदर. पट्टे, लाटा, पळणारी हरणं. मागचे तुकडे मिळाले नाहीत, तिथे नुसतं प्लास्टर थापलंय आणि ती बाजू भिंतीकडे करून ठेवलीय. इतकी वर्षं बघतेय मी हे अर्धवट काम.
चौकडीच्या शर्टवाले क्युरेटर साहेब जात होते, त्यांना विचारलं. म्हणाले, बाई, ते मुद्दाम साधं ठेवतात. खरं कुठलं आणि नंतर भरलेलं कुठलं, ते बघणाऱ्याला कळावं म्हणून.
कामचोराकडे कारण नेहमी तयार असतं.

१० जून, सोमवार
म्युझियमला सुट्टी. साफसफाई करते म्हणून हेडकाकांकडून दालन उघडून घेतलं. आमच्या घराच्या दाराला लावून उरलेला तपकिरी रंग होता, तो नेला. जरा चहाचं पाणी घातलं, पुढच्या रंगाशी अगदी जुळला.
पट्टे पुढे नेले. लाटा पुढे नेल्या. हरणं जमली नाहीत, ती टाळली. मग मधोमध एक जागा मोकळी राहिली, तिथे काय काढावं सुचेना. मला शाळेपासून एकच चित्र येतं. कोंबडी. काढली. वरून थोडी धूळ चोळली.
लांब जाऊन बघितलं. पुढच्या बाजूपेक्षा मागची सरस झालीय. हे मी म्हणत नाही, दिसतंच आहे.

११ जून, मंगळवार
माळीबुवांना बोलावून रांजण फिरवून घेतला. मागची बाजू आता पुढे. ते म्हणाले, कुणी सांगितलं? मी म्हटलं, मॅडमची ऑर्डर आहे. पुढाकार घ्या म्हणजे ऑर्डरच झाली की.

१४ जून, शुक्रवार
कुणाचं लक्ष नाही. साहेब फोनवर बोलत रांजणाला वळसा घालून गेले. फक्त चष्मेवाली आली, बराच वेळ बघत उभी राहिली, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि गेली.
पोटात दुखलं तिच्या.

२७ जून, गुरुवार
कमिटी आली. काठीवाले एक म्हातारे विद्वान सगळ्यांच्या पुढे. माझ्या दालनात भराभर चालले होते. रांजणापाशी थांबले. मग सगळेच थांबले. मागचे पुढच्यांवर आपटले.
विद्वान म्हणाले, ही बाजू आजवर का दाखवली नाहीत?
मॅडमनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी रांजणाकडे बघितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, मग नेहमीसारखा झाला. म्हणाले, सर, योग्य वेळेची वाट बघत होतो.
मॅडम म्हणाल्या, आमच्या टीमचा पुढाकार आहे हा.
मी दोन पावलं पुढे झाले. विद्वानांची काठी माझ्या पायावर पडली. सॉरी म्हणाले मला. इतक्या लोकांत फक्त मलाच.
हेडची जागा पक्की.

३ जुलै, बुधवार
साहेबांचा लेख पेपरात आला, फोटोसकट. लेकीने वाचून दाखवला. पक्षी स्वर्गातून धान्य आणणारा आहे म्हणे. मान वळलेली आहे, कारण तो मागे राहिलेल्या देवांकडे बघतोय. (ब्रश घसरला होता.) रंग कसला आहे ते अजून उमगत नाही, तो स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.
आमचे हे जेवता जेवता म्हणाले, अगं, हा तर आपल्या दाराचा रंग. मी म्हटलं, तुम्ही जेवा.
लेकीने लेख खाली ठेवला. आई, तू काय केलंयस? सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, ह्याला गुन्हा म्हणतात. गप्प बस, नोकरी जाईल. मी म्हटलं, गुन्हेगाराचे फोटो पेपरात येतात हे खरं, पण त्याची कुणी इतकी स्तुती करत नाही.
तरी गप्प बसायचं ठरवलंय.

१० जुलै, बुधवार
गप्प बसले नाही. साहेबांच्या केबिनमध्ये गेले, म्हटलं, साहेब, तो स्वर्गातला पक्षी नाही, कोंबडी आहे, आणि माझी आहे.
त्यांनी उठून दार लावलं. बसा म्हणाले. आजवर कधी बसा म्हणाले नव्हते. मग हळू आवाजात म्हणाले, बाई, तुम्ही हे मला सांगितलं नाहीत आणि मी ऐकलं नाही. लेख माझ्या नावावर आलाय. पुढच्या महिन्यात त्यावर बोलायला परदेशात जायचंय.
मी म्हटलं, जा की. खुशाल जा. पण माझ्या हेडच्या जागेचं बघा.
म्हणाले, नक्की बघतो.
नक्की हा शब्द त्यांनी स्वतःहून वापरला. लिहून ठेवते.

२० जुलै, शनिवार
म्युझियमच्या दारासमोर कोंबडीचं पोस्टर लागलं. दोन मजले उंच.
रांजण मोठ्या दालनात हलवला. काचेत. दिवे सोडलेत वरून. राखायला चष्मेवाली, कारण तिला पाहुण्यांना इंग्रजीत सांगता येतं. माझ्या दालनात रांजण होता तिथे फरशीवर गोल डाग उरलाय. लोक येतात, विचारतात, पक्षी कुठेय? मी बोट दाखवते. पोलिसासारखी उभी आहे मी, डागाजवळ.
बरंच झालं. उद्या हेड झाले की मोठं दालनही माझ्याच हाताखाली. आणि ती पण.

२ ऑगस्ट, शुक्रवार
चष्मेवाली हेड झाली.
साहेबांना गाठलं. म्हणाले, तुमचं नाव सुचवलं असतं तर का म्हणून विचारलं असतं मॅडमनी. मग मी काय सांगणार होतो?
सरळ मॅडमच्या केबिनमध्ये घुसले. शिपाई अडवत होता, त्याला बाजूला केलं. म्हटलं, नोकरी जायची तर जाऊ दे, पण ऐका. ती कोंबडी मी काढली. ह्या हाताने. दाराच्या रंगाने.
मॅडमनी पेन खाली ठेवलं. डोळे भरून आले त्यांचे. म्हणाल्या, हेच हवं होतं मला. प्रत्येकाला वाटलं पाहिजे की हे माझं आहे.
मी म्हटलं, वाटत नाहीये, आहे. कागद द्या.
तिथल्या तिथे उभ्याने काढून दाखवली. त्यांनी तो कागद हातात धरून चार जणांना बोलावलं. म्हणाल्या, बघा, मूळ पक्षी आपल्या स्टाफच्या किती मनात बसलाय. चष्मेवाली पण बघायला आली. ती एकटीच हसली नाही. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि किल्ल्या वाजवत गेली. तिला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ती बोलणार नाही, आणि का बोलेल?
मॅडमनी ऑर्डर काढली. दर रविवारी मुलांची शाळा, नाव ‘चला पक्षी काढू या’. शिकवणार मी.
नाही म्हणणार होते. पण म्युझियममध्ये शिकवणारी झाले, चौथी पास. हेडपेक्षा हे वरचं. चष्मेवालीला शिकवायला सांगितलंय का कुणी?

११ ऑगस्ट, रविवार
पहिला वर्ग. मुलं खाली बसली, आया भिंतीला टेकून. खडू घेतला, फळ्यावर झोकात काढली. म्हटलं, बाळांनो, नीट बघा, ही कुणी काढली ते मोठे झालात की कळेल.
मागून किल्ल्यांचा आवाज. चष्मेवाली दारात. मुलांसमोर म्हणाली, ताई, मान चुकली. मूळ पक्ष्याची मान मागे वळलेली आहे. पाय पण इतके जाड नाहीत. ते पोस्टर बघा.
मी म्हटलं, पोस्टर काय मला दाखवतेस. पण मुलं माना वळवून खिडकीतून बघायला लागली, म्हणून मीही बघितलं.
खरंच होतं तिचं. तिकडची चांगली आहे. त्या दिवशी हात बरा चालला होता.
पुसली. पोस्टर बघून परत काढायला घेतली. पुढच्या रांगेतली पोरगी म्हणाली, मावशी, मान जमत नाहीये तुम्हाला.
नाही जमली.