खिडकीतला नरसय्या

९ जानेवारी १९३३, सोम.
सकाळीच कॅमेरा नि तिवई घेऊन विणकरांच्या गल्लीत. दुकानात बसवून काढलेल्या तोंडांचा कंटाळा आलाय. गल्लीभर उभ्या सुताचा ताणा ताणलेला, नरसय्या कुंच्याने त्याला खळ लावत मागेपुढे. मी रुबाबात तेलुगूत ओरडलो, "आगू!" म्हणजे थांबा. सगळी गल्ली थांबली, शेळ्यासुद्धा. नरसय्या काही थांबेना. "खळ वाळतीया की मालक! सूत चिकटलं तर तुमी सोडवणार का?" तीनदा ओरडलो, तीनदा फोटो घेतला, फोटोच्या तीनही काचा वाया. तोंड पार पुसट.
घरी तणतण केली. सौ. म्हणाली, "त्याचं काम मोठं की तुमचं?"

१५ जाने., रवि.
संक्रांतीची गड्ड्याची जत्रा. कुटुंबंच्या कुटुंबं फोटोला. फ्रेमांना काच कमी पडली. नेहमीप्रमाणे बाद काचा सोड्याच्या गरम पाण्यात टाकून खरवडल्या. वरचं चित्र गेलं की साधी स्वच्छ काच. सोमवारच्या गल्लीच्याही त्यातच. हात सोलवटलेत. सौ. स्वयंपाकघराचं तावदान फुटल्याचं दोनदा सांगून गेली. बघू.

६ मार्च, सोम.
दुपारी एक बाई पायरीशी उभी, आत येईना. नरसय्याची बायको, राजव्वा. तो गेला. तापाने, महिना झाला. मला पत्ताच नाही.
"तुमी आगू म्हणलेला, त्या दिवसाचा फोटू हाय का? घरात एकबी न्हाय त्येचा."
शोधतो म्हणालो. काचा खरवडल्या हे सांगायला तोंड उघडलं नाही.

७ मार्च.
कपाटं, पेट्या, सगळं उपसलं. नाही. म्हणजे नरसय्या कुणाच्या तरी भिंतीवर, कुणाच्या तरी आजोबांपुढे, स्वच्छ धुतलेला. जेवण गेलं नाही. शेवटी सौ.ला सांगितलं. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "फेट्यावाला का? गल्लीतला?" आणि स्वयंपाकघरात घेऊन गेली.
मी तावदानाकडे लक्ष दिलं नव्हतं. तिने जत्रेच्याच दिवशी, माझी वाट न बघता, धुवायच्या राहिलेल्या बाद काचांतली एक उचलून तिथे बसवली होती. पश्चिमेचं ऊन आलेलं, त्यात नरसय्या, काचेवर पांढऱ्याचं काळं होतं तसा काळ्या फेट्याचा, काच उलटी बसल्याने डोकं खाली पाय वर.
"रोज भाकरी थापताना बघते की. उलटा चालतो."
दोन महिने तिथे पाणी प्यायला जातोय, एकदा मान वर केली नाही. या बाईचे फार उपकार आहेत माझ्यावर. तोंडाने सांगणं जमणार नाही, म्हणून इथे लिहितो.

९ मार्च.
चुलीच्या धुराने एक कोपरा गेलाय, बाकी शाबूत. उन्हात छाप काढला. भिंती, ताणा, शेळ्या लख्ख. नरसय्याचे पाय नि फेटा ओळखू येतात. तोंड म्हणजे नुसता धूर. पेन्सिलीने नाकडोळे काढून बघितले, तर कुणी वकील दिसायला लागला. फाडला. दुसरा छाप आहे तसाच ठेवला. हा तिच्या हातात कसा द्यायचा?

१२ मार्च, रवि.
राजव्वा आली. आज आत बसली. सौ.ने गूळपाणी दिलं. गेलेल्या माणसाची फ्रेम करतो तशी केली होती, वर हारासाठी तार. मी आधीच सुरू केलं, तोंड नीट नाही, तो हलला, बाकीच्या काचा मी धुतल्या, चूक माझी.
ती ऐकतच नव्हती. काचेवरून बोट फिरवत होती, ताण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाली,
"हाराची तार काढा मालक. चालतोय की ह्यो. खळ वाळंल."
सौ. उठून आत गेली. मी पक्कड आणली, तार काढली. जाताना राजव्वा मलाच नमस्कार करून गेली. खरं तर उलटं व्हायला हवं होतं.

१४ मार्च.
खिडकीला पुठ्ठा लावलाय. सौ. म्हणते आता तरी काच बसवा. फ्रेमांनाही हवीच आहे. बाद काचांचा गठ्ठा काढला, सोड्याचं पाणी तापवलं. पहिली काच सहज उजेडात धरली. मंडईतली भाजीवाली, मान वळवलेली, अर्धी हललेली. नाव माहीत नाही. विचारून यायला हवं. दुसरी धरली.
पाणी निवलं.