गोळी, स्प्रिंग, टोपी

मंगळवार, ९ सप्टेंबर

लिहीन लिहीन म्हणत तीन आठवडे घालवले. वही कोरी, पेनं मात्र दोन हरवली!

तात्यासोंच्या शिरोलीतल्या शेडमध्ये लागलो. आयटीआय अर्धवट, गोकर्ण-हंपी भटकून आलेला मी — आणि मला सांगतात मशीन बनव! "लई फिरलास पृथ्या. आता कायतरी फिरवून दाखव की."

फवारणी पंपाचा वॉल्व्ह. आत गोळी, वर स्प्रिंग, त्यावर टोपी. लेथवर दिवसाला दोन हजार वॉल्व्हांचे भाग निघतात, अंबूमावशी एकटी हातानं जोडणार सातशे. बाकीच्या पाट्या साचत जातात. दसऱ्यापर्यंत हे जोडणीचं मशीन चाललं नाही तर पुण्याची ऑर्डर गेली.

सोमवार, १५ सप्टेंबर

सुट्टी. आराखडा काढायला कळंब्याच्या तळ्यावर गेलो. पाणडुबी बघत बसलो. ती बुडी मारायची, पाण्यावर गोल गोल वलयं... वाटलं, स्प्रिंगा अशाच गोल वाटेनं, थरथरत, मुंग्यांसारख्या एकामागं एक वर चढतायत. वाडगं! थरथरणारं वाडगं, आत चढती वाट!

गुरुवार, १८ सप्टेंबर

मावशीचे हात बघत होतो. गुंतलेल्या स्प्रिंगा मुठीत घेते, हलवते — तिसऱ्या झटक्याला सुट्ट्या! मीही माझं अर्धंमुर्धं मशीन दाखवलं. "ह्यो सेन्सर म्हंजे त्याचा डोळा, मावशी. गोळी बसली का बघतो, मगच हे वॉल्व्हचं ताट फिरतं."

"आणि मी कुठं बसू?"

तेवढ्यात पत्र्यावर मोर उतरला. उत्तर द्यायचं राहिलं.

शनिवार, २० सप्टेंबर

मावशी आली नाही. कालही नव्हती.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

चाललं! मिनिटाला बारा! पण वाडग्यात स्प्रिंगा गुंततात. तो तिसरा झटका मशीनला येत नाही. शेजारी मावशीच पाहिजे. हे तिला सांगायला तिच्या घरी, कागलला निघालो. वाटेत एकजण कबुतरं उडवत होता. आभाळात ती वळायची तेव्हा सगळी एकदम पांढरी व्हायची... तिथंच अंधार पडला. परत आलो.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

मशीनची पूजा. झेंडूचा हार, नारळ. तात्यासोंनी हौसेनं हळदकुंकू लावलं, एक कोपरा सोडला नाही. आज यंत्रांना विश्रांती. नवरीसारखं दिसतंय!

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा, दुपार

ढिम्म! वाडगं थरथरतं, ताट फिरत नाही. सगळ्या वायरी सोडल्या, जोडल्या. तात्यासो एवढंच म्हणाले, "पुण्याचं पावणं उद्या धाला येत्यात." ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिन्हीसांज

मावशी आलीय! तात्यासोंना सोनं द्यायला. जाता जाता मशीनपाशी वाकली. "डोळ्यातच कुंकू भरलंय की रं! बघंल कशानं त्ये?" पदरानं पुसलं — आणि ताट फिरलं! लगेच स्प्रिंगा गुंतल्या. तिनं वाडग्यात हात घातला, तीन झटके.

उभीच आहे अजून. एवढं लिहून पळतो, स्टूल आणायचंय. वाटेत कुठंही थांबणार नाही.