उजव्या हाताचं कार्ड

३ जून
आजपासून आमच्या घरात लोकशाही! थेरपिस्टताईंचं फर्मान — "सेरेब्रल पाल्सीनं तिचे हातपाय आणि वाचा अडवलीय, मत नाही. दोन चित्रांची कार्डं धरा. ज्याच्याकडे बघेल, ते तिचं उत्तर." बरं बाई. म्हणजे नऊ वर्षं मी लेकीच्या मनातलं ओळखत आले, तो आगाऊपणाच होता.

५ जून
दूध की सरबत? सरबत. आंघोळ की गाणी? गाणी! राणीसरकार दिवसभर पारोशा. नवरा खूश.

९ जून
शोध लागला. तिची मान उजवीकडे आपोआप वळते. डावीकडे न्यायची तर सगळं अंग ताठतं, मुठी आवळतात, चेहरा लालबुंद होतो. आज दुधाचं कार्ड तिच्या उजव्या हाताला धरलं — दूध जिंकलं! मग आंघोळही जिंकली. "तिनंच निवडलं हो," मी ताईंना सांगितलं. त्यांनी मला शाबासकी दिली. मी ती घेतली!

१७ जून
निवासी शाळेत जागा झाली. सोमवार ते शुक्रवार तिथंच राहायचं. नवरा म्हणतो, "बघायला गेलो तेव्हा त्या पोरींत कशी खिदळत होती!" खिदळते की माझ्याजवळही. घास केवढा द्यायचा, कुशीवर कधी वळवायचं, हे तिथल्या बायकांना कोण सांगणार? मी साफ नाही म्हटलं. वर ऐकवलं, "आपल्या घरात लेकीला विचारतात." त्यानं लगेच ताईंना फोन लावला, "मग विचारूच!"

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. ती गेली तर सकाळी उठून मी करायचं काय? मला दुसरं काही येतच नाही.

१८ जून
उद्या मतदान. ताई येणार, नवराही सुट्टी घेणार. घराच्या कार्डावर आम्हा दोघींचा हसरा फोटो चिकटवलाय. शाळेच्या कार्डावर नुसती इमारत. घर उजवीकडे, शाळा डावीकडे, जरा लांबच. निकाल काय लागणार ते मला ठाऊक आहे. उगाच सगळ्यांचा वेळ जाणार.

१९ जून
डावीकडे बघितलं तिनं. मान घसरून परत माझ्या फोटोकडे आली, पुन्हा आली. घामानं भिजली, तरी परत वळवली आणि शाळेवर धरून ठेवली, थरथरत. शेवटी मीच म्हटलं, "पुरे गं राणी, कळलं मला."