हरितगृहाला गावाची हरकत

लातूर,
मृगाच्या आधीचा शनिवार

आदरणीय दाजी यांना लातूरहून धाकटा मेहुणा अमृत याचा वाकून नमस्कार. आम्ही इकडं सगळे खुशाल आहोत (आमच्या सौ. उज्वलाचा गुडघा सोडून). हैदराबादला तुमची तब्येत उत्तम असणार, ते विचारायचं काम नाही. कोल्ड स्टोअरेजच्या सुपरवायझरला काय होतंय! बाहेर जग त्रेचाळीस डिग्रीत होरपळून राहिलंय आणि तुम्ही आत स्वेटर घालून सफरचंदांवर लक्ष ठेवायलाव. तापमानवाढ तुम्हाला समजली नाही तर त्यात तुमचा दोष नाही, नोकरीच तशी आहे.

पत्र बघून दचकू नका. फोन केला तर तुमच्याकडं रेंज नसते. व्हॉट्सॲप केलं तर दोन निळ्या रेघा उमटतात आणि पुढं सामसूम. म्हणून म्हटलं, कागदावरच लिहावं. विषय एवढाच, की सिंधुआक्कानं हरितगृहासाठी अर्ज केला होता त्याचं पुढं काय झालं. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगायलोय.

आधी अर्ज काय होता ते सांगतो, कारण तुम्ही तो नीट वाचला असेल असं मला वाटत नाही. आक्का मिरची, वांगी, टमाट्याची रोपं तयार करती आणि पंचक्रोशीतली माणसं ती घेऊन जातात, हे तुम्हाला माहीतच हाय. आता आभाळाचा भरवसा राहिलेला नाही. सरकारलाही ते पटलंय, म्हणून त्यांनी हवामान बदलाशी जुळवून घेण्याची एक योजना काढली. तिच्यात हरितगृहाला अनुदान मिळतं. म्हणजे लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर जाड प्लॅस्टिक, बाजूनं जाळी आणि आत रोपं. ऊन, गारा, धो धो पाऊस, सगळं बाहेर. अट दोनच गोष्टींची: ग्रामसभेचा ठराव पाहिजे, आणि सगळी कागदं जूनच्या पंधरा तारखेच्या आत देगलूरच्या कचेरीत पोचली पाहिजेत. इतकं साधं काम. आक्काच्या हातात होतं तोवर ते साधंच होतं. मधी मी आलो.

झालं असं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला सरपंच मडिवाळप्पांनी मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. म्हणाले, सर, तुम्ही लातूरला एवढ्या लेकरांना डॉक्टर करून राहिलाव, गावाला हवामान बदलाबद्दल दोन शब्द सांगा. आता मी एकवीस वर्षं कोचिंग क्लासला शिकवतो. माहूरपासून बिलोलीपर्यंतची लेकरं माझ्यापुढं बसून गेलीत. दोन शब्द सांगून खाली बसणारा माणूस मी न्हाई. मी गावाला लातूर पॅटर्ननं शिकवलं. तो पॅटर्न म्हणजे, समजलं की नाही हे मागाहून बघू, आधी उत्तर तोंडात बसलं पाहिजे, झोपेतून उठवलं तरी. मी फळ्यावर पृथ्वी काढली, सूर्य काढला आणि विचारलं, "पृथ्वी कशामुळं तापायलीय?" अख्ख्या गावाकडून वदवून घेतलं: "हरितगृह परिणामामुळं!" एकदा नाही, सात वेळा. सातव्यांदा असा आवाज निघाला की पारावरची कबुतरं उडाली ती दुपारपर्यंत परत आली नाहीत. टाळ्या, नारळ, शाल, सगळं झालं. (शाल सुती होती, पण चांगली होती.)

चूक कुठं झाली ते आता सांगतो. माझी नाही, भाषेची. हवेतले काही वायू सूर्याची ऊब धरून ठेवतात, त्याला पुस्तकात हरितगृह परिणाम म्हणतात. चार दिवसांत गावाच्या तोंडातून 'परिणाम' गळून पडला. राहिलं नुसतं हरितगृह. पृथ्वी कशानं तापती? हरितगृहानं. संपला विषय! त्यात आपल्याकडची माणसं त्र्याण्णवच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांचं नाव काढलं की चेष्टेवारी नेत नाहीत. किल्लारी एवढी लांब, तरी त्या साली नुसतं कुणी "पेपरात आलंय" म्हटलं की लोक लेकरं-भांडी घेऊन अंगणात येऊन बसायचे. ग्यानोबा काका तर मला म्हणाले, "सर, तवा जमिनीनं धोका दिला, आता वरून बी येणार म्हना की. बरं झालं आधीच सांगितलंव." मी म्हटलं, हाव, सावध राहा. मला काय ठाऊक कशापासून सावध राहायलेत!

आक्काच्या शेजारच्या गुरम्माबाईंनी घराचा हिरवा रंग खरवडायला घेतला. हिरवं घर म्हणजे हरितगृहच की, असं त्यांचं म्हणणं, आणि शब्दाला शब्द लावला तर त्यांना चूक म्हणता येत नाही. अर्धी भिंत खरवडल्यावर खालचा निळा निघाला. आता घर दोन रंगांचं आहे. मग देगलूरचे अजीजभाई, जे पाइपांचं काम करतात, ते आक्काच्या वावरात टेप घेऊन मोजमाप करायला आले, तर बांधावर माणसं गोळा झाली आणि त्यांना विचारू लागली, पृथ्वी तापवायचं काम तुम्ही कधीपास्नं घेतलंव? त्यांनी तिथूनच मला फोन लावला. "क्या पढ़ाको गए सर तुम गाँव को? मी सांगाडा उभा करतो, हे म्हणतात मी दुनिया जाळायलोय." टेप गुंडाळून परत गेले बिचारे.

मग एक मेची ग्रामसभा. ग्रामसेवकानं आक्काचा अर्ज वाचला. 'हरितगृह' हा शब्द आला मात्र, ग्यानोबा काका उभे राहिले आणि म्हणाले, सरांनी शिकवलंय. ठराव शब्दाला शब्द लिहून घेतलाय मी: "गावाच्या हद्दीत हरितगृह उभारू देण्यात येणार नाही, कारण त्यामुळे पृथ्वी तापते, असे लातूरच्या तज्ज्ञ सरांनी सप्रमाण सांगितले आहे." दोनशे अकरा हात वर, एक हात खाली. तो आक्काचा. आमच्या क्लासचा सुद्धा असा निकाल कधी लागला नाही, दाजी. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असतं तर मी जाहिरात दिली असती.

आक्काचा फोन आला. एकच वाक्य बोलली: "अमृत, तू लई चांगलं शिकवतोस रे." आणि ठेवून दिला. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी दोन तास वर्गात नुसती हजेरी घेतली.

पण मी हार मानणारा नाही. मडिवाळप्पांच्या मागं लागून मेच्या शेवटी खास ग्रामसभा बोलवायला लावली आणि स्वतः जाऊन सगळं उलगडून सांगितलं. म्हटलं, मंडळी, पृथ्वीभोवती एक गोधडी आहे वायूंची. ती नसती तर आपण सगळे गारठून दगड झालो असतो, सरासरी उणे अठरा डिग्री. गोधडी चांगलीच आहे. पण दीड-दोनशे वर्षांत माणसानं कोळसा जाळला, डिझेल-पेट्रोल जाळलं, जंगलं तोडली आणि गोधडी जाड होत गेली. आता खालचा घामाघूम व्हायलाय. आक्काच्या प्लॅस्टिकचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही, दोघांचं नाव एक झालं एवढंच. ह्याच्यापेक्षा सोपं जगात कुणी सांगितलं असेल तर मला दाखवा.

ग्यानोबा काकांनी हात वर केला. "सर, जानेवारीत एक उत्तर सांगितलंव, मेमधी दुसरं. बरोबर कोणतं धरावं? आन् चुकलं तर मार्क कापतेत का?" (त्यांची नात आमच्याच क्लासला आहे, म्हणून एवढी माहिती.) मी म्हटलं, दोन्ही बरोबर आहेत. तर म्हणाले, असा प्रश्न तर रद्द होतो. मागून कुणीतरी विचारलं, गोधडी जाड झाली तर उसवत का न्हाईत? मी म्हटलं, तेच तर सगळं जग करायचं म्हणायलंय, सूर्याची वीज, वाऱ्याची वीज, झाडं लावा, पण ते व्हायला वेळ लागतो आणि तोवर ऊन थांबत नाही, म्हणून ही योजना. असो. तपशिलात जात नाही. शेवटी ठराव फिरला, हरितगृह मंजूर झालं, आणि शिकवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे पुन्हा एकदा दिसून आलं.

तर हे असं सगळं आहे. प्रकृतीला जपा. आतल्या गारव्यातून एकदम बाहेर उन्हात जाऊ नका, सर्दी होते. आमच्या सगळ्यांकडून नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
अमृत

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी उज्वलानं पत्र वाचलं. म्हणाली, "तपशिलात जा." तीही त्या सभेला होती, त्यामुळं जाणं भाग आहे. ठराव मी फिरवला नाही. माझ्या गोधडीनंतर सभा उठायलीच होती. तेवढ्यात आक्का पुढं आली. काखेत अकरा वर्षांची कॅलेंडरं. दरसाली पाऊस पडला की ती अंगणातल्या सरळ डब्यातलं पाणी पट्टीनं मोजून त्या तारखेवर लिहिती, हे मला, तिच्या सख्ख्या भावाला, त्या दिवशी कळलं. (तुम्हाला माहीत होतं का, दाजी?) एकेक कॅलेंडर उघडून ती बोलत गेली. "ह्या साली पोळ्याच्या आधी एकवीस दिवस थेंब न्हाई, लिहिलंय बघा. ह्या साली महिन्याचा पाऊस एका दुपारी पडला. ही गारपीट. त्या दिवशी माझी जी रोपं झोपली ती तुमचीच होती, ग्यानोबा काका, तुम्ही सांगून ठेवली होती. पाऊस तेवढाच हाय म्हना हवं तर, पर त्याच्या येण्याजाण्याला आता काही ताळतंत्र राहिलं न्हाई." मग फळ्याकडं बोट केलं. "अमृत सांगतो ते हरितगृह वर आभाळात हाय. ते मी बांधलं न्हाई आन् मला एकटीला मोडता बी येत न्हाई. माझं खाली हाय, पाइपाचं. त्याच्यापास्नं रोपं वाचवायला हे पाहिजे. वरच्याचा राग माझ्यावर काढू नका." मग ग्यानोबा काका माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, असं का न्हाई सांगितलंव जानेवारीत?" दोनशे माणसं माझ्याकडं बघायलेली. मी मोबाइल काढून तारीख बघितली. ठराव एकमतानं झाला आणि त्याला खाली एक ओळ जोडली, की यापुढं सरांचं भाषण ठेवायचं असल्यास आधी सिंधुबाईंना विचारावं. उज्वला म्हणती, एवढं लिहिलंस ते पुरे.

ता. क. दुसरा. आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. गाव अडवत नाही, कचेरी अडवत नाही. अडलंय ते तुमच्या सहीपाशी. सातबारा तुमच्या नावावर, म्हणून तुमचं संमतीपत्र लागतं. आक्कानं ते एप्रिलमध्ये टपालानं पाठवलं, नंतर तीनदा मोबाइलवर. तिन्ही वेळा निळ्या रेघा. मला फोनवर एकदा म्हणालाव ते आठवतंय, की बाईमाणसानं कशाला हा उपद्व्याप, मी आलो की बघू. गेल्या दोन दिवाळ्यांना तर तुम्ही आला नाहीत. अहो, हवामानाच्या करारावर पावणेदोनशे देशांनी एका दिवसात सह्या केल्या, आणि तुम्हाला एका कागदावर दोन महिने! मी आक्काला म्हटलं, मी बोलतो दाजींशी. तर म्हणाली, "त्यांना ठाऊक हाय सगळं. ठाऊक असलेल्या माणसाला काय सांगायचं?" मला लई वाईट वाटलं, आणि खरं लिहितो, तुमचा रागही आला. हे पत्र तिला न सांगता लिहिलंय. कागद सोबत जोडलाय. जिथं सही करायची तिथं उज्वलानं पेन्सिलीनं फुली मारलीय.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पंधरा तारखेपर्यंत कागद पोचला नाही तरी तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी बिलोलीकडचा माझ्या वाट्याचा एक एकर आक्काच्या नावावर करून देतो. बक्षीसपत्राचा मसुदा तयार आहे आणि उज्वलानं तो वाचून मान डोलावलीय. पुढच्या खेपेला अर्ज तिथून जाईल. तिथल्या सरपंचांची हरकत नाही, फक्त मी भाषण करायचं नाही, असं त्यांनी लिहून मागितलंय. रोपांना दिवसातून चारदा बघावं लागतं, त्यामुळं आक्का तिकडंच राहायला जाईल म्हणती. तेव्हा तुमच्या घराची किल्ली कुणाकडं ठेवायची, तेवढं कळवा.